द रेझिलोज हा बँड इथे कुणी ऐकलाय का?

लीथचा_वारा | शनिवार, रात्री १०:१२

मागच्या आठवड्यात इथल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात खोकी चाळत होतो, तेव्हा एक सात इंची तबकडी हाती लागली. एका बाजूला 'टॉप ऑफ द पॉप्स'. उलटून पाहिलं तर '२०,००० रेझिलोज अंडर द सी'. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीच्या नावात स्वतःला घुसवून मोकळे! बँड मला आधीपासून माहीत होता, अल्बम मोबाइलवर कित्येकदा ऐकलाय, पण वस्तू म्हणून पहिल्यांदाच हातात आली. घरी येऊन सुई टेकवली आणि त्या रात्री झोपायला दोन वाजले. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात आहे.

मी सहा वर्षांपासून एडिनबरात राहतो. द रेझिलोज इथलेच. इथल्या आर्ट कॉलेजात शिकणारी काही पोरं आधी 'नट्सफर्ड डॉमिनेटर्स' नावानं जुनी रॉक अँड रोल गाणी वाजवायची. त्यातूनच १९७६ मध्ये रेझिलोज उभे राहिले. नाव अमेरिकेतल्या 'द शॅडो' या कॉमिकवरून आलं. त्याच्या एका अंकात 'रेव्हिलोज' नावाचं कॅफे दिसतं, तेच थोडं वाकवून घेतलं. पहिला कार्यक्रम ५ नोव्हेंबर १९७६ ला, विद्यापीठाच्या टेव्हिअट रो युनियनमध्ये झाला.

ही तारीख मला फार महत्त्वाची वाटते. लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडची पहिली तबकडी त्यानंतर तीन आठवड्यांनी आली. त्यांच्या टीव्हीवरच्या शिवीगाळीनं पंक (वेगवान, रागीट रॉक) हा शब्द ब्रिटनच्या घराघरात पोचला तो १ डिसेंबरला. म्हणजे लंडनचं बघून एडिनबरानं उचललं असं झालेलं नाही. या पोरांनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं होतं, आणि त्यात होतं काय? साठच्या दशकातलं पॉप, गॅरेज रॉक, उडत्या तबकड्यांचे स्वस्त सिनेमे, कॉमिक्स. हे सगळं पंकच्या वेगानं वाजवायचं.

गायक दोन. यूजीन रेनल्ड्स हा कायम डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेला, आणि फे फाइफ ही भडक रंगांच्या, साठच्या दशकातल्या तोकड्या झग्यांत मंचभर नाचणारी. गिटारवर जो कॅलिस. गाणी मुख्यतः त्याचीच. ड्रमवर एंजल पॅटरसन. बासवर सुरुवातीला डॉ. डी. के. स्माइद, पुढे विल्यम मिस्टीरियस, जो सॅक्सोफोनही वाजवायचा. दुसरा गिटारवाला हायफाय हॅरिस. गेल वॉर्निंग नावाची मुलगी साथीला गायची. सगळी टोपणनावं, आणि सगळी जिभेला चावा घेणारी.

पहिली तबकडी ऑगस्ट १९७७ मध्ये 'सेन्सिबल रेकॉर्ड्स' या एडिनबरातल्याच छोट्या कंपनीनं काढली: 'कान्ट स्टँड माय बेबी', आणि मागे बीटल्सचं 'आय वॉना बी युअर मॅन'. त्यानंतर अमेरिकेच्या 'सायर' कंपनीनं त्यांना उचललं. हीच रमोन्स या अमेरिकन पंक बँडची कंपनी. १९७८ च्या सुरुवातीला मंडळी न्यूयॉर्कला गेली आणि 'पॉवर स्टेशन' या नव्याकोऱ्या स्टुडिओत अल्बम केला. ती इमारत पूर्वी खरोखरच वीज कंपनीची होती. जुलै १९७८ मध्ये 'कान्ट स्टँड द रेझिलोज' बाजारात आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत गेला. ऑगस्टमध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' १७ व्या क्रमांकावर. डिसेंबरमध्ये बँड संपला.

पहिल्या कार्यक्रमापासून शेवटच्यापर्यंत दोन वर्षं आणि जेमतेम दीड महिना. इतिहास लिहिणारे यांना 'गमतीदार', 'कार्टूनी' अशी दोन विशेषणं लावतात आणि पुढच्या पानावर जातात. मला वाटतं, इथंच त्यांचं चुकतं. गंमत करणं हे या लोकांचं काम होतं आणि ते काम त्यांनी जीव ओतून केलं. अडीच मिनिटांच्या गाण्यात एकही ओळ सैल नाही, एकही सेकंद उगाच नाही. रागाची गाणी त्या काळात ढिगानं निघाली. आनंदाचं गाणं इतक्या घट्ट विणीचं करणं अवघड, आणि ते फार थोड्यांना जमलं.

कुणी ऐकलंय? ऐकलं नसेल तर 'फ्लाइंग सॉसर अटॅक'पासून सुरुवात करा.

---

खर्ज | शनिवार, रात्री ११:०३

अरे बाबा, ऐकलंय का काय विचारतोस! पुण्यात कॉलेजात असताना आमच्या बँडनं हे वाजवायचा प्रयत्न केला होता. मी बास वाजवतो म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो.

पंकमध्ये बास बहुतेक वेळा गिटारच्या मागे मुकाट्यानं चालतो. गिटार जो स्वर धरेल तोच, आठ-आठ ठोके, संपलं. विल्यम मिस्टीरियस तसं करत नाही. तो स्वतःची एक वेगळी चाल घेऊन पळतो, वर जातो, खाली येतो, आणि गाण्याच्या मुख्य चालीला मध्येच टाळी देऊन पुन्हा निघतो. 'समबडीज गॉना गेट देअर हेड किक्ड इन टुनाइट' हेडफोन लावून ऐका आणि लक्ष फक्त बासवर ठेवा. आम्ही ते गाणं बसवायला घेतलं तेव्हा मूळ वेगाच्या पाऊणपट वेगात कसंबसं जमलं. पूर्ण वेगात गेलो की दुसऱ्या कडव्याला माझा उजवा हात लाकूड व्हायचा. तालमीच्या खोलीत पंखा नव्हता, मे महिना, बोटं घामानं तारेवरून घसरायची. शेवटी ते गाणं कार्यक्रमातून काढलं, पण त्या दोन महिन्यांत मला बास वाजवणं म्हणजे काय ते कळलं.

आणि हे गाणं मुळात कुणाचं? फ्लीटवूड मॅकचं! १९६९ मध्ये त्यांच्या 'मॅन ऑफ द वर्ल्ड' या तबकडीच्या मागच्या बाजूला 'अर्ल व्हिन्स अँड द व्हॅलियंट्स' या खोट्या नावानं आलेलं, जेरेमी स्पेन्सरचं. लोक तबकडीची मागची बाजू ऐकत नाहीत. यांनी ऐकली. यांचा कान तिथे कळतो.

---

निळी_शाई | रविवार, सकाळी ८:२०

चहा घेता घेता अल्बम पूर्ण ऐकला. पुन्हा लावलाय.

मी जे.जे.त शिल्पकला शिकले, त्यामुळे 'माय बेबी डझ गुड स्कल्प्चर्स' हे नाव वाचूनच थांबले. आधी वाटलं, टिंगल असेल. गाणं ऐकल्यावर कळलं की तसं नाही. गाणारा सांगतो की मला ती तिच्या ओठांसाठी किंवा बांध्यासाठी आवडत नाही, ती शिल्पं चांगली करते म्हणून आवडते. बस, एवढंच. आमच्या वर्गात प्लास्टर ऑफ पॅरिसनं कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या मुली असायच्या, नखांत माती, केसांत माती. अशा मुलीवर तिच्या कामासाठी प्रेम करणारं पॉप गाणं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. हे आर्ट कॉलेजातल्या मुलांनाच सुचणार.

फे फाइफबद्दल अजून लिही ना, वाऱ्या. त्या काळात बायका मंचावर येत होत्या हे माहीत आहे. एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन, पेनिट्रेशनची पॉलीन मरे, सूझी सू. पण ही त्यांच्यापेक्षा वेगळी वाटते. तिच्या आवाजात एक खोडकर खणखणीतपणा आहे आणि उच्चार तिनं गुळगुळीत करून घेतलेले नाहीत.

---

लीथचा_वारा | रविवार, सकाळी ११:४५

@निळी_शाई ताई, उच्चारांबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं. तिच्या नावातच ते आहे. तिचं खरं नाव शीला हाइंड. 'फे फाइफ' हे घेतलेलं नाव. फाइफ हा एडिनबराच्या समोर, खाडीपलीकडचा परगणा. इथल्या स्कॉट्स बोलीत 'फे' म्हणजे 'कडून, हून'. कुणी विचारलं की तू कुठली, तर उत्तर येतं 'फे फाइफ', म्हणजे 'फाइफहून'. ती डनफर्मलिनची. थोडक्यात तिनं आडनाव घेतलं 'फाइफकर'. सातारकर, नगरकर, पेडणेकर म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट लगेच समजते. इंग्रजांना मात्र समजावून सांगावी लागते.

आणि बघा, त्या वेळचे बरेच ब्रिटिश गायक अमेरिकन उच्चारात गायचे. जिनं आपलं गावच नावात घेतलं, तिनं जीभ का वळवून घ्यावी?

---

सातबारा | रविवार, दुपारी १२:३०

वाचनखूण साठवली. कोकणातही असंच आहे, 'खयचो रे तू' याचं उत्तर म्हणजेच माणसाची ओळख.

---

डॉक_निवृत्त | रविवार, दुपारी ४:५०

हा धागा वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आज लिहितो.

मी मिरजेला एमबीबीएस करून १९७६ साली स्कॉटलंडला गेलो. तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर जात. दोन वर्षं ग्लासगोजवळ काढली आणि १९७८ मध्ये मला फाइफमध्येच, एका इस्पितळात नोकरी मिळाली. वय अठ्ठावीस. लग्न ठरलेलं, पत्र यायला दहा-बारा दिवस लागायचे. पावसाची सवय मिरजेत होतीच, पण तिथला पाऊस आडवा पडतो, त्याची सवय व्हायला वेळ लागला.

वॉर्डच्या टोकाला रुग्णांसाठी एक बसायची खोली होती. गुरुवारी संध्याकाळी तिथल्या टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स' हा बीबीसीचा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. गुडघ्याची, कमरेची शस्त्रक्रिया झालेली म्हातारी माणसं, दोन-तीन तरुण पोरं, चाकाच्या खुर्च्या, आणि दारात उभ्या राहून बघणाऱ्या नर्सेस. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मी एकाचं रक्त काढायला तिथे गेलो. टीव्हीवर हाच बँड. एक मुलगी झटके देत नाचत गातेय, शेजारी काळा चष्मा लावलेला माणूस. आमची एक स्टाफ नर्स, एरवी अतिशय शिस्तीची, ती एकदम ओरडली, 'ही आमची! फे फाइफ!' मला वाटलं ती नुसतं नाव सांगतेय. तिनं मग 'फे' म्हणजे काय ते समजावलं. चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा खाणीत काम केलेले होते. त्या भागात तेव्हा कोळशाच्या खाणी चालू होत्या. गाणं त्यांना अजिबात आवडलं नाही, पण पोरगी डनफर्मलिनची आहे कळल्यावर त्यांनी मान डोलावली आणि आवाज वाढवायला सांगितला.

परक्या देशात मी दोन वर्षं होतो, पण त्या क्षणापर्यंत मला हे कळलं नव्हतं की या लोकांनाही लंडन परकंच वाटतं. आपल्या गावचं कुणीतरी टीव्हीवर दिसलं की त्यांचा चेहरा आपल्यासारखाच फुलतो.

लीथचा_वारा, तुम्ही लिहिलेलं वाचताना त्या खोलीतला फिनाइलचा वास आला. आभारी आहे.

---

निळी_शाई | रविवार, संध्याकाळी ५:१५

डॉक्टरकाका, काय लिहिलंय तुम्ही. आजोबांनी आवाज वाढवायला सांगितला ते वाचून डोळे भरून आले.

---

लीथचा_वारा | रविवार, संध्याकाळी ६:०५

डॉक्टरसाहेब, नमस्कार घ्या. मी ज्या गोष्टी पुस्तकांत शोधत होतो त्या तुमच्या वॉर्डात घडल्या होत्या.

तुम्ही जो कार्यक्रम पाहिलात त्याबद्दल एक सांगतो. ते गाणं त्याच कार्यक्रमावर टीका करणारं आहे! काय दाखवलं जातं याला महत्त्व नाही, लोकांना कळलं पाहिजे की बाजारात काय खपतंय आणि काय विकत घ्यायचं; गाण्यांचा हा शेअर बाजार झालाय, असा सगळा सूर. आणि बीबीसीनं त्यांना बोलावलं, एकदा नाही, दोनदा! त्यांनीही मनापासून, पूर्ण ताकदीनं ते सादर केलं. गाणं टीका करतं, पण त्या मंचाचं आकर्षणही लपवत नाही. लहानपणापासून जो कार्यक्रम बघत वाढलो त्यात आपण पोचलो याचा आनंद त्या गाण्याच्या प्रत्येक ठोक्यात आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

---

स्पष्ट_नगरी | रविवार, रात्री ९:२२

धागा चांगला आहे, डॉक्टरांचा प्रतिसाद तर फारच सुंदर. पण मला एक मुद्दा मांडायचाय.

यादीत पहिल्या विसात आलेलं एक गाणं, एक स्टुडिओ अल्बम, दोन वर्षं. असे बँड तेव्हा शंभर होते. रेझिलोज आज आठवतात त्याचं कारण जो कॅलिस पुढे ह्यूमन लीग या सिंथेसायझरवाल्या बँडमध्ये गेला आणि 'डोन्ट यू वॉन्ट मी' च्या तीन लेखकांपैकी एक झाला. ते गाणं डिसेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं, १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिलं आलं. माझ्या मोठ्या भावाकडे मुंबईहून आणलेली कॅसेट होती, आम्ही नगरला ती घासेपर्यंत ऐकली. खरं कर्तृत्व ते. रेझिलोज ही त्याची उमेदवारी. यात कमीपणा नाही, पण मोजमाप योग्य हवं.

---

खर्ज | रविवार, रात्री ९:५०

नगरीसाहेब, उमेदवारी म्हणाल तर मग बासवाल्याचं काय? आणि फे फाइफचं?

---

लीथचा_वारा | सोमवार, रात्री १२:१०

@स्पष्ट_नगरी, मुद्दा रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. थोडं लांबेल.

आधी बँड फुटला कसा ते. १९७८ च्या शरद ऋतूत त्यांचा ब्रिटनभर दौरा होता. सोबत कोण? नॉर्दर्न आयर्लंडच्या डेरीतले द अंडरटोन्स, त्याच कंपनीचे, तेव्हा नुकतेच पुढे येत होते. नोव्हेंबरमध्ये 'डेस्टिनेशन व्हीनस' आलं आणि ४३ व्या क्रमांकावर अडलं. माझ्या मते ते त्यांचं सर्वात चांगलं गाणं. मिस्टीरियस तोवर बाहेर पडला होता, सायमन टेम्पलर आला होता. आत मतभेद वाढले. एका बाजूला फे आणि यूजीन, दुसऱ्या बाजूला कॅलिस आणि बाकीचे. शेवटी ठरवूनच थांबले. २३ डिसेंबर १९७८ ला ग्लासगोच्या अपोलो थिएटरात निरोपाचा कार्यक्रम झाला. तो ध्वनिमुद्रित करून पुढच्या वर्षी अल्बम म्हणून काढला, नाव 'मिशन अकम्प्लिश्ड... बट द बीट गोज ऑन'.

अपोलो आता नाही. १९८५ मध्ये बंद झालं, नंतर पाडलं. मंच प्रेक्षकांच्या डोक्याच्या कितीतरी वर, जवळजवळ पंधरा फूट. पुढच्या रांगेतल्यांना मान मोडेपर्यंत वर बघावं लागे. वरची बाल्कनी लोक नाचायला लागले की खरोखर हलायची. तो अल्बम ऐकताना मी नेहमी ती बाल्कनी मनात धरतो. गाणी स्टुडिओतल्यापेक्षाही वेगात आहेत. ज्यांना ठाऊक आहे की उद्यापासून आपण एकत्र नाही, ती माणसं इतक्या आनंदानं कशी वाजवतात, हे मला अजून उलगडलेलं नाही. एकदा तरी ऐका.

आता कॅलिस. तो, टेम्पलर आणि पॅटरसन यांनी 'शेक' नावाचा बँड काढला, तो फार चालला नाही. मग तो एडिनबरातल्याच 'बूट्स फॉर डान्सिंग'मध्ये वाजवू लागला. ह्यूमन लीगपर्यंत तो पोचला याच्या मागे बॉब लास्ट हा माणूस आहे. रेझिलोज गाडीनं गावोगाव फिरत, तेव्हा त्यांच्या दौऱ्यांची व्यवस्था बघणारा. त्यानंच एडिनबरात 'फास्ट प्रॉडक्ट' ही छोटी कंपनी काढली आणि शेफील्डच्या ह्यूमन लीगची पहिली तबकडी, 'बीइंग बॉइल्ड', १९७८ मध्ये तिथूनच आली. पुढे तो त्यांचा व्यवस्थापक झाला. १९८० मध्ये ह्यूमन लीग फुटला, निम्मे लोक गेले, त्यांचा गायक फिल ओकी याला गाणी रचणारा माणूस हवा होता. बॉब लास्टच्या ओळखीत असा माणूस होताच. म्हणजे जगातल्या सर्वात गाजलेल्या सिंथेसायझर गाण्यांपैकी एकाची वाट रेझिलोजच्या त्या गाडीतून गेली आहे.

पण मोजमापाचा प्रश्न. ह्यूमन लीगमध्ये तेव्हा नियम होता, गिटार चालणार नाही. कॅलिस गिटारवाला. त्याला सिंथेसायझर शिकावा लागला. वाद्य काढून घेतल्यावर त्याच्याकडे उरलं काय? चाल. दोन गायकांमध्ये, एक पुरुष आणि एक बाई, गाणं वाटून देण्याची समज. पहिल्या दहा सेकंदांत ऐकणाऱ्याला धरून ठेवणारी सुरावट. 'डोन्ट यू वॉन्ट मी' मध्ये हेच तर आहे. आणि हे सगळं फे आणि यूजीनसाठी गाणी रचताना त्याच्या हाताला आधीच बसलेलं होतं. गंमत म्हणजे ओकीला ते गाणं अल्बममधलं सर्वात कमकुवत वाटलं होतं, म्हणून शेवटच्या जागेवर ढकललं, आणि तबकडी म्हणून काढायलाही त्याचा विरोध होता.

त्यामुळे 'उमेदवारी' हा शब्द मला पटत नाही. उमेदवारी म्हणजे काम शिकणं. कॅलिसचं काम रेझिलोजमध्ये पूर्ण झालेलं होतं. नंतर फक्त ऐकणारे वाढले.

---

स्पष्ट_नगरी | सोमवार, सकाळी ९:३५

पुरुष आणि बाई यांच्यात गाणं वाटून देण्याचा मुद्दा मी कधीच विचारात घेतला नव्हता. काल रात्री 'टॉप ऑफ द पॉप्स' आणि 'डोन्ट यू वॉन्ट मी' एकामागून एक लावली. चाल अगदी वेगळी, पण हाडाची ठेवण एकच आहे. एवढं मान्य.

तरी एक माझं कायम: अल्बममध्ये दुसऱ्यांची गाणी जास्त आहेत. डेव्ह क्लार्क फाइव्हचं 'ग्लॅड ऑल ओव्हर', फ्लीटवूड मॅकचं ते, गेरी अँड द पेसमेकर्सचं 'आय लाइक इट'. स्वतःचं साहित्य कमी पडत होतं असं वाटतं.

---

खर्ज | सोमवार, सकाळी १०:१०

तीन गाणी म्हणजे जास्त? आणि ती अशी बदललीत की मूळ गाणी नंतर ऐकली तर तीच हळू वाटतात. आपल्याकडे एकाच बंदिशीला दहा जण हात घालतात, तेव्हा आपण विचारत नाही की स्वतःचं का नाही गायलं.

---

डॉक_निवृत्त | सोमवार, दुपारी २:२५

वाऱ्यानं अपोलोचं लिहिलं म्हणून आणखी एक आठवण.

डिसेंबर १९७८. आमच्या वॉर्डातल्या त्याच नर्सनं आणि तिच्या धाकट्या भावानं त्या कार्यक्रमाची तिकिटं काढली होती. मलाही विचारलं, 'डॉक, तू येतोस का?' मी २३ तारखेची ड्युटी घेऊन बसलो होतो. नाताळच्या आसपास स्थानिक डॉक्टरांना घरी जायचं असायचं, म्हणून आम्ही बाहेरचे ड्युट्या घेत असू. त्याबद्दल तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. पण तो कार्यक्रम हुकला याची रुखरुख आहे. ती सोमवारी परत आली तेव्हा तिचा आवाज पूर्ण बसला होता. रुग्णांशी दोन दिवस कागदावर लिहून बोलत होती.

पंकला ग्लासगोत काही काळ सभागृहं मिळत नसत, पोरं शेजारच्या पेझली गावाला जायची, हे मी तिथे असताना पाहिलंय. त्यामुळे अपोलोसारख्या ठिकाणी स्कॉटलंडच्या स्वतःच्या बँडनं असा निरोप घेणं ही तिथल्या मुलांसाठी किती मोठी गोष्ट असेल, हे आता कळतं.

---

निळी_शाई | सोमवार, संध्याकाळी ७:४०

फे फाइफचं पुढे काय झालं? डिसेंबरनंतर ती गायची थांबली की काय?

---

लीथचा_वारा | सोमवार, रात्री १०:३०

छे, ती आणि यूजीन थांबले नाहीत. दोघांनी लगेच 'द रेव्हिलोज' काढला. म्हणजे कॉमिकमधल्या त्या कॅफेच्या मूळ नावाकडे पुन्हा परत! हायफाय हॅरिस तिथे पुन्हा भेटतो. साथीला गाणाऱ्या मुलींना 'रेव्हेट्स' म्हणत. 'मोटरबाइक बीट' १९८० मध्ये ४५ व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि त्याच वर्षी 'रेव्ह अप' अल्बम आला. संगीत आणखी साठच्या दशकाकडे झुकलं, आणखी नाचरं झालं. मला रेझिलोजची धार जास्त आवडते, पण 'रेव्ह अप' घरात साफसफाई करताना लावा, काम अर्ध्या वेळात होतं.

'मोटरबाइक बीट' हे नुसतं गाणं नव्हतं. यूजीनला खरोखरच मोटारसायकलींचं वेड. पुढे एडिनबरात तो 'इंडियन' या जुन्या अमेरिकन मोटारसायकलींच्या कामातच पडला. 'इंडियन' हे त्या कंपनीचं नाव, आपला त्याच्याशी काही संबंध नाही, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकलो होतो.

१९९४ मध्ये रेव्हिलोज पुन्हा जमले आणि जपानचा दौरा केला. मग २००१ मध्ये रेझिलोज हेच नाव घेऊन परत आले. सुरुवातीची बरीच वर्षं कॅलिसही होता. आणि २०१५ मध्ये 'झीरो' नावाचा अल्बम काढला. पहिल्या स्टुडिओ अल्बमनंतर दुसरा, मध्ये जवळजवळ ३७ वर्षं!

मी त्यांना इथे एकदा प्रत्यक्ष ऐकलंय. छोटं सभागृह, निम्मे लोक साठीच्या पुढचे, निम्मे विशीतले. माझ्या शेजारी एक बाई होत्या, केस पूर्ण पांढरे, त्यावर एक गुलाबी पट्टा. 'फ्लाइंग सॉसर अटॅक' सुरू झालं आणि त्यांनी हातातली पर्स माझ्याकडे दिली, 'धर जरा' म्हणाल्या, आणि पुढे घुसल्या. गाणं संपेपर्यंत मी एका अनोळखी बाईची पर्स छातीशी धरून उभा. परत आल्या तेव्हा धाप लागलेली, चेहरा लालबुंद. पर्स घेतली, म्हणाल्या, आम्ही डनफर्मलिनहून आलोय.

---

डॉक_निवृत्त | सोमवार, रात्री ११:१५

त्या बाई नर्स होत्या का, विचारलंत का हो?

---

लीथचा_वारा | सोमवार, रात्री ११:२२

नाही विचारलं, डॉक्टरसाहेब. पुढच्या कार्यक्रमाला गेलो तर नक्की विचारीन. तुमचं नाव सांगू का?

---

डॉक_निवृत्त | सोमवार, रात्री ११:३१

सांगा. म्हणावं, मिरजेच्या डॉक्टरनं विचारलंय, त्या दिवशी किती गाणी झाली?